गादीच्या अस्तरातली नावं

दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर
९ ऑगस्ट २०२४

आदरणीय शांताताई,
सा. न.

एखादी मुलगी सात वर्षं एका घरात राहिली, तर ती तिथे होती हे तिनं सिद्ध करायचं, की तिला ठेवणाऱ्यांनी? तुमच्या पत्रातला हा प्रश्न चार दिवस माझ्याबरोबर फिरतोय. मला याचं उत्तर बिल्कुल येत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून चुकीची आशा राहणार नाही.

मी श्री निरामय पादुका संस्थानाच्या कचेरीत टपाल आणि टायपिंगचं काम करते. अध्यक्षांच्या नावानं आलेलं तुमचं पत्र मीच फोडलं. १९५९ ते ६६ तुम्ही संस्थानाच्या कन्याश्रमात होतात. तिथे मुलींना मारत, कोठीत कोंडत, दोन-दोन दिवस उपाशी ठेवत. त्यातल्या ज्या जिवंत आहेत त्यांना संस्थानानं लेखी माफी आणि भरपाई द्यावी, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं उत्तर तुम्हाला मिळेलच: ‘शांता नावाची कोणतीही मुलगी आश्रमात असल्याची नोंद नाही.’ ते मी टाइप केलंय. अध्यक्ष पांडुरंगरावांनी सांगितलं आणि मी केलं. पण त्याआधी कोणी वही उघडून पाहिली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. मला वाटायचं की शिकलेल्या माणसावर न पाहिलेली गोष्ट लिहायची वेळ येत नाही. ते बिल्कुल खरं नाही. आता मी स्वतः वही पाहणार आहे. तुमच्या पत्रात फोन नंबर नव्हता, म्हणून माझा खाली देते.

आपली,
अवंतिका भोईटे


बार्शी
२१ ऑगस्ट २०२४

कु. अवंतिका भोईटे यांस,
स. न. वि. वि.

संस्थानाचं उत्तर आणि तुमचं पत्र एकाच दिवशी आलं. एकात मी नव्हतेच आणि दुसऱ्यात आदरणीय होते. पोस्टमन म्हणाला, आजी, आज दोन-दोन. मी म्हटलं, दोन्ही एकाच घरची आहेत.

तुमच्यावर विश्वास ठेवावा असं काही कारण मला दिसत नाही. फक्त ‘बिल्कुल’ दोनदा वाचलं आणि कितीतरी वर्षांनी ग्वाल्हेरची मराठी समोर आली, म्हणून उत्तर देते. फोनवर मी बोलत नाही. मला फार कमी ऐकू येतं. वय.

वहीत शांता सापडणार नाही. आश्रमात आलेल्या मुलीचं नाव पहिल्याच दिवशी काढून घेत आणि नदीचं नाव देत. भीमा, तुंगा, वेण्णा, अशा आम्ही सगळ्या नद्या. मागचं नाव उच्चारलं की व्यवस्थापक कृष्णराव रात्रीचं जेवण बंद करत. मी कोणती नदी होते ते मी त्या पत्रात लिहिलं नाही आणि आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या मुलालाही नाही. ते नाव मला पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही.

एक विचारते. संस्थानाच्या दारावर कान्होजी भोईटे नावाचे चोपदार असत. ते तुमचे कोण?

शांता


दाना ओली, ग्वाल्हेर
३ सप्टेंबर २०२४

आदरणीय शांताताई,

वही मिळाली नाही. कपाटात कन्याश्रमाचा कप्पाच रिकामा आहे. विचारलं तर कारकून म्हणाले, “बाइंडिंगला गेल्यात.” किती दिवस झाले, तर म्हणाले, “तुला काय करायचंय? टपाल बघ.”

मग मी दर्पण कॉलनीत सीमंतिनीताई वकील राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांपूर्वीच्या मारहाणीचा खटला उभा राहणं कठीण, व्यवस्थापकही वारलेत. पण संस्थान हा सार्वजनिक न्यास आहे आणि न्यासांवर सरकारी पंजीयक, म्हणजे निबंधक, असतो. त्याच्यासमोर संस्थानाला जाब द्यावा लागेल. फक्त तुम्ही तिथे होतात याला काहीतरी आधार हवा. फोटो, चिठ्ठी, काहीही. बरोबरच्या मुलींची खरी नावं आठवतात का?

तुमची,
अवंतिका


बार्शी
१५ सप्टेंबर २०२४

अवंतिकाबाई,

मी एक प्रश्न विचारला होता. तुम्ही तो गाळलात, त्यातच मला उत्तर मिळालं. तेव्हा हे तुम्हाला कळायलाच हवं.

१९६२ च्या थंडीत मी आश्रमातून पळाले. अकरा वर्षांची होते. दतियाला मामा होता, एवढंच माहीत होतं. स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीला माझा हात पोचेना. मागून कोणीतरी म्हणालं, “काय गं पोरी, भूक लागली?” कान्होजी चोपदार होते. त्यांनी मला गजक, तिकडची तिळगुळाची कुरकुरीत वडी, घेऊन दिली. रागावले नाहीत. बोट धरून, गोड बोलत परत आणलं, आणि मी गजक खात खात त्या दारातून आत गेले. कृष्णरावांनी सगळ्यांसमोर डाव्या कानावर मारलं. रक्त आलं. महिनाभर कान वाहत होता, डॉक्टर दाखवला नाही. तो कान तेव्हाच गेला आणि उजवा वयानं गेला. आधीच्या पत्रात मी फक्त वय लिहिलं होतं. लाज वाटते अजून, माझी काही चूक नसताना.

फोटो नाही. चिठ्ठी नाही. पंधराव्या वर्षी त्यांनीच बार्शीच्या एका बिजवराशी लग्न लावून दिलं, तेव्हा अंगावरच्या लुगड्याशिवाय काही दिलं नव्हतं. मुरारची शरयू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. शरयू हे तिचं घरचं नाव; तेही नदीचंच, तरी आश्रमानं तिला दुसरी नदी दिली. आडनाव ठाऊक नाही. तिनं मला शिवण शिकवलं. दर उत्सवाला पादुकांखालची नवी गादी आम्हीच शिवायचो, वरून लाल रेशीम, खालून पांढरं अस्तर. त्या अस्तराच्या आतल्या बाजूला, कापूस भरण्याआधी, मोठ्या मुली आपलं खरं नाव आणि गाव बारीक टाक्यांनी लिहीत. शरयू म्हणायची, देवाला तरी खरं नाव कळू दे. मीही लिहिलं. आता हे सांगून काय उपयोग. जुन्या गाद्या कोण ठेवतं.

शांता


दाना ओली, ग्वाल्हेर
२७ ऑक्टोबर २०२४

ती. शांताताईंस,
सा. न.

कान्होजी भोईटे माझे आजोबा. मी सहा वर्षांची असताना गेले. आज माझे बाबा, सूर्याजी, त्याच दारावर चोपदार आहेत, आणि पालखीपुढे आजोबांचीच चांदीची काठी घेऊन चालतात. माझ्या कॉलेजची फी संस्थानाच्या शिष्यवृत्तीनं भरली. हे सगळं मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. लपवलं, कारण मला वाटलं तुम्ही पत्र फाडून टाकाल. माफ करा असं लिहून तीनदा खोडलं. ते मागायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही.

तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आबांनी असं नाही केलं. म्हातारीला भ्रम झालाय.” मी म्हटलं, मग आपल्या घरात गजक का येत नाही? अख्ख्या लष्कर भागात संक्रांतीला आपलंच एक घर बिनगजकचं. आबांनी दातांचं कारण सांगितलं होतं ना? पण ते तर शेवटपर्यंत हरभरे चावायचे. बाबा उठून बाहेर गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आईच्या मार्फत बोलतात: “तिला सांग, चहा झालाय.”

पण शांताताई, उपयोग आहे. फार आहे. पादुकांना लागलेली वस्तू टाकायची नाही, धुवायची नाही, असा इथला नियम आहे. जुनी गादी वर्षाची चिठ्ठी लावून फडक्यात बांधतात आणि गाभाऱ्यामागच्या पेटीत ठेवतात. एकही फेकलेली नाही. मी लहानपणी बाबांबरोबर ती पेटी पाहिली आहे. म्हणजे तुमचं नाव त्यांच्याच देवाखाली आहे, आणि त्यांनीच ते साठ वर्षं जपून ठेवलंय.

अडचण एकच. पेटी विश्वस्तांच्या ताब्यात, पण तिची किल्ली चोपदाराच्या घरी असते. वस्तू एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे, असं संस्थापक स्वामींनीच ठरवून दिलंय. किल्ली आमच्या देवघरात आहे. बाबांच्या मर्जीशिवाय मी तिला हात लावणार नाही.

तुमची,
अवंतिका


बार्शी
१४ नोव्हेंबर २०२४

चि. अवंतिका हिस अनेक आशीर्वाद.

काल संस्थानाचा माणूस आला होता. शाल, नारळ, पेढे आणि एक पाकीट. मला वाटलं, तूच माझा पत्ता देऊन हे घडवलंस. तुला चार वाईट शब्द मनातल्या मनात बोलले, तेव्हा आधी ते माफ कर. मग आठवलं की पत्ता तर मीच अध्यक्षांना लिहून कळवला होता.

तो म्हणाला, “आजी, एवढी सही करा, विषय संपला.” मुलगा ओरडून ओरडून मला कागद समजावत होता. मी म्हटलं, ओरडू नकोस, वाचता येतं. कागदावर लिहिलं होतं: ‘श्रीमती शांता, आश्रमातील नाव गोदा, यांची संस्थानाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.’

गोदा. बासष्ट वर्षांपूर्वी ज्या नावानं हाक मारून त्यांनी माझा कान फोडला ते नाव. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग ज्यांच्याकडे नोंदच नाही, त्यांना ते कुठून कळलं? मी त्या माणसाला म्हटलं, पेढे नातवाला ठेवते, कागद मला वाचायला ठेवते, बाकीचं परत न्या. तो कागद सोबत पाठवते. वकीलबाईंना दे.

तुझी वकीलबाई म्हणेल, याच्यावर माझं काम होऊन जाईल. पण मला एकटीला नको. शरयूला, तुंगाला, भीमाला मिळत असेल तर मला. नाहीतर तो माणूस पुन्हा पाकीट घेऊन दुसरीच्या दारात जाईल, आणि ती कदाचित सही करील. भुकेली असेल तर करीलच.

तुझ्या बाबांवर रागावू नकोस. बापाबद्दल ऐकणं कठीण असतं.

शांता


दाना ओली, ग्वाल्हेर
२० जानेवारी २०२५

ती. शांताताईंस,
सा. न.

शरयूताई सापडल्या. मुरारमध्येच होत्या, भाजीबाजाराच्या मागे, भाच्याकडे. तुमचं नाव ऐकून आधी म्हणाल्या, “ती रडकी? जिवंत आहे?” मग माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

तुमचा तो कागद पाहून पंजीयकांनी दोन हुकूम काढले. वह्या हजर करा, आणि पेटीचा पंचनामा होईल. वह्या लगेच बाइंडिंगहून परत आल्या, जुन्याच पुठ्ठ्यात. त्यांत नुसत्या नद्या, एकही खरं नाव नाही. तुमच्या नदीपुढे ‘१९६६, विवाह, बार्शी’ एवढंच आहे, तुमच्या पत्त्यावरून त्यांनी तेच जुळवलं. म्हणून सगळं पेटीवर येऊन ठेपलं. पंचनामा परवा, शनिवारी झाला.

सकाळी कचेरीत पांडुरंगराव मला म्हणाले, “बेटा, तू आमचीच. आमच्या पैशानं शिकलीस. आग लावायला दुसरं घर नाही मिळालं?” मी म्हटलं, “काका, तुम्ही शिकवलंत म्हणून तर तो कागद वाचता आला.”

अकरा वाजता सभागृहात सगळे जमले. भिंतीवर कृष्णरावांची तसबीर, खाली पेटी, पंजीयक कचेरीचे अधिकारी, सीमंतिनीताई, पाच विश्वस्त आणि शरयूताई. बाबा दारात आपल्या जागी काठी घेऊन उभे. घरून निघताना मी देवघरात पाहिलं होतं, किल्ली खुंटीला होती. मी ती तिथेच ठेवून आले होते.

अधिकाऱ्यांनी किल्ली मागितली. पांडुरंगराव बाबांकडे बघून म्हणाले, “सूर्याजी, ती किल्ली तर तुझ्याकडून हरवली ना? दिवाळीत म्हणत होतास.” बाबा असं काही म्हणाले नव्हते. मला वाटलं, आता ते ‘जी’ म्हणतील. आयुष्यभर या माणसापुढे त्यांनी ‘जी’च म्हटलंय.

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. उत्सव असो, नसो, ती काठी कधी टेकवायची नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. मग खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, “सापडली, साहेब.” आणि स्वतः कुलूप उघडलं.

कन्याश्रमाच्या काळातल्या अठरा गाद्या निघाल्या. १९५४ पासून ७१ पर्यंत. लाल रेशीम विटलेलं, पण टाके शाबूत. एक विश्वस्त म्हणाले, पादुकांखालची वस्तू उसवणं ही विटंबना होईल. अधिकारीसुद्धा घुटमळले, पापाची भीती त्यांनाही असतेच.

तेव्हा शरयूताई म्हणाल्या, “विटंबना कसली? मी शिवली, मीच उसवते. सरका.” पिशवीतून चष्मा आणि अर्धं ब्लेड काढून त्या जमिनीवर बसल्या. ६३ सालची गादी मांडीवर घेतली, एक-एक टाका असा काढला की कापडाला इजा नाही. कापूस बाजूला केला, अस्तर उलटं केलं. हिरव्या दोऱ्यात लिहिलं होतं: शरयू, मुरार.

त्यांनी ते अधिकाऱ्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “आता लिहा, मी होते.”

मग एकामागून एक. तुळसा, भिंड. रखमा, शिवपुरी. केसर, दतिया दरवाजा. काही अस्तरांत दोन-दोन नावं. ६५ सालच्या गादीत निळ्या दोऱ्यानं, थोडं वाकडं: शांता, दतिया. ‘ता’चा काना सुटलाय आणि बाजूला पुन्हा घातलाय. शरयूताई म्हणाल्या, “घाईत असायची. मी हिला किती वेळा सांगितलं.”

बावीस नावं झाली. अधिकाऱ्यांनी प्रत्येक मोठ्यानं वाचलं आणि पंचनाम्यात घातलं. शेवटचं नाव वाचून होईपर्यंत पांडुरंगराव खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसले होते. कोणी सांगितलं नव्हतं. ते शरयूताईंना म्हणाले, “मी त्या वेळी शाळकरी होतो, घर आश्रमाला लागूनच. आतून रडणं ऐकू यायचं. आई म्हणायची, मुली पाठ म्हणतायत.” शरयूताई म्हणाल्या, “मग आता तरी ऐका.”

घरी येताना बाबा माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, “चहा घेशील?” आम्ही टपरीवर घेतला.

तुमची,
अवंतिका


बार्शी
६ एप्रिल २०२५

चि. अवंतिका हिस अनेक आशीर्वाद.

संस्थानाचं माफीपत्र आलं. पाकिटावर ‘श्रीमती शांता, मूळ गाव दतिया’ असं आहे. पोस्टमनला म्हटलं, आज एकच, पण ते मोठ्यानं वाच. त्यानं दारातच वाचलं. शेजारणी बाहेर आल्या. ‘मुलींना झालेली मारहाण व उपासमार ही संस्थानाची चूक होती’ हे वाक्य मी दोनदा वाचायला लावलं.

पत्रात लिहिलंय की हयात असलेल्या प्रत्येकीला तहहयात दरमहा रक्कम आणि औषधपाण्याचा खर्च मिळेल, पुढे कोणी सापडली तर तिलाही. आणि सभागृहाचं कृष्णरावांचं नाव उतरवलं. शरयूनं कळवलंय की तसबीर काढली तेव्हा भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आणि ती मुद्दाम त्याच्याखाली बसून जेवली. सात जणी सापडल्या म्हणे. तिचं पत्र चार ओळींचं आहे आणि त्यात मला दोनदा रडकी म्हटलंय. मी ते उशीखाली ठेवलंय.

मशीन आलं. डावा कान गेला तो गेलाच, पण उजव्यात बसवलं. पहिल्याच दिवशी मी दचकून उठले. सून म्हणाली, “आई, कुकर आहे. रोजच वाजतो.” मी पुन्हा लावायला सांगितला. तीन वेळा वरण शिजवलं तिनं. आता फोनवर बोलता येईल, पण तू पत्र सोडू नकोस. तुझं ‘बिल्कुल’ कागदावरच चांगलं दिसतं.

आता एक मागते, मोठी म्हणून. तू लिहिलं होतंस की पंजीयक शेवटचा अहवाल करतायत आणि त्यात पळालेल्या मुलींना परत कोण आणायचं तेही विचारतायत. कान्होजींचं नाव त्यात घालू नकोस. ते पगारी माणूस होते. मला वाटतं, त्यांना तेव्हाच पश्चात्ताप झाला असेल, नाहीतर गजक का सोडतील? तुझ्या बाबांनी काठी टेकवली, माझं सगळं फिटलं. तुमच्या घराला डाग नको. मी कोणाला सांगणार नाही.

शांता


दाना ओली, ग्वाल्हेर
१७ एप्रिल २०२५

ती. शांताताईंस,
सा. न.

तुमचं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. तुमची ही एक गोष्ट मला ऐकता येणार नाही, आणि ते तुम्हाला आधी न विचारता झालंय.

आमचा जबाब त्याच्या आधी, सोमवारीच दिला. मी लिहिला आणि बाबांनी दोनदा वाचला. मी ‘आश्रमाच्या चोपदाराने’ असं लिहिलं होतं. बाबांनी पेन घेऊन ते खोडलं आणि वर नाव घातलं: कान्होजी भोईटे. मग म्हणाले, “गजकचं पण लिही. गोड बोलून आणलं, ते पण.” मी म्हटलं, माझ्या आजीला, आबांच्या बायकोला, वाईट वाटेल. आई म्हणाली, “वाटू दे. त्या पोरीला काय वाटलं होतं ते पण लिही.” आमच्या घरात आईचं मत पहिल्यांदाच कागदावर गेलं.

शिष्यवृत्तीचंही लिहिलंय, तीन वर्षांची, आणि तुमचं उत्तर मीच टाइप केलं होतं, तेही. बाबा अजून चोपदार आहेत. रविवारी दारात उभे होते, काठी हातात. पांडुरंगरावांनी त्यांना आधी नमस्कार केला, असं आई सांगते. बाबा म्हणतात, दोघांनी एकदमच केला.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. सोमवारी जबाबाखाली बाबांनी सही केली, त्याखाली मी केली. तुम्ही तिथे होतात, हे आता ठेवणाऱ्यांच्या घरानं लिहून दिलंय. पोच माझ्याकडे आहे.

तुमची,
अवंतिका